न दिसणाऱ्या द्रव्याचा शोधक : फ्रिट्झ झ्विकी

मुलांनो, अमावास्येच्या रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभे राहून वर पाहिले, की आकाशात एक फिकट दुधाळ पट्टा दिसतो. आपण घरी उर्दूत त्याला कहकशाँ म्हणतो. मराठीत त्याला आकाशगंगा म्हणतात. हा पट्टा म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती आहे. आपला सूर्य त्याच वस्तीतला एक साधा तारा आहे. ताऱ्यांच्या अशा वस्तीला दीर्घिका म्हणतात. विश्वात अशा असंख्य दीर्घिका आहेत. देवयानी तारकासमूहातली एक दीर्घिका तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इराणातील खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ. स. ९६४ मध्ये लिहिलेल्या ताऱ्यांवरील ग्रंथात तिची एक लहानसा ढग म्हणून नोंद केली होती. तो ढग म्हणजे ताऱ्यांची दुसरी दुनिया आहे, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

पृथ्वीभोवती जसा चंद्र फिरतो, तशा मोठ्या दीर्घिकेभोवती काही छोट्या दीर्घिका फिरतात. त्यांना खुज्या उपदीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेलाही अशा पन्नासहून अधिक सोबतिणी आहेत. त्यांतल्या कित्येक इतक्या अंधूक आहेत, की मोठ्या दुर्बिणीतूनही त्या चटकन ओळखता येत नाहीत. पण आज जगभरातील शास्त्रज्ञ या अंधूक दीर्घिकांकडे मोठ्या आशेने पाहत आहेत. त्यांत असे एक द्रव्य दडले आहे, जे दिसत नाही, चमकत नाही, पण ज्याचे वजन मात्र जाणवते. या द्रव्याकडे ठाम आकडे मांडून जगाचे लक्ष वेधणाऱ्या आणि मोठ्या दीर्घिकांपेक्षा छोट्या दीर्घिकाच संख्येने जास्त असल्या पाहिजेत असा हट्ट धरणाऱ्या शास्त्रज्ञाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव फ्रिट्झ झ्विकी.

झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरिया देशात, काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या वार्ना या बंदरात झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. व्यापारानिमित्त ते वार्न्यात स्थायिक झाले होते. आई चेक वंशाची होती. फ्रिट्झ सहा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील ग्लारुस परगण्यात आजी-आजोबांकडे पाठवले. मुलाने व्यापार शिकावा आणि पुढे आपला धंदा सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. पण त्या डोंगराळ मुलखात फ्रिट्झला दोनच गोष्टींचे वेड लागले. एक डोंगर चढण्याचे आणि दुसरे गणिताचे. हिशेबाच्या वह्या मागे पडल्या आणि तो झुरिचच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाला. आइन्स्टाइन यांनीही याच संस्थेत शिक्षण घेतले होते. १९२२ मध्ये झ्विकी यांनी तेथे स्फटिकांवरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळवली.

१९२५ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत गेले. पॅसाडेना शहरातील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नोबेल पारितोषिक विजेते रॉबर्ट मिलिकन यांच्याकडे ते काम करू लागले. काम होते स्फटिकांचे. पण शेजारीच माउंट विल्सनच्या डोंगरावर त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तेथे एडविन हबल नावाचे शास्त्रज्ञ दीर्घिकांची अंतरे मोजत होते. अशा ठिकाणी राहून खाली मान घालून स्फटिक पाहत बसणे झ्विकींच्या स्वभावात नव्हते. हळूहळू ते आकाशाकडे वळले आणि मग आयुष्यभर तिकडेच राहिले.

सुरुवात मात्र चुकीच्या वाटेने झाली. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लालसर का दिसतो, याचे कारण त्यांनी १९२९ मध्ये असे सांगितले, की लांबचा प्रवास करून प्रकाश थकतो. ही कल्पना पुढे टिकली नाही. विश्व प्रसरण पावत आहे, हेच खरे कारण ठरले. झ्विकींच्या डोक्यात कल्पनांचा नुसता पाऊस पडत असे. त्यांतल्या काही वाया गेल्या, पण ज्या रुजल्या त्यांनी खगोलशास्त्राचे रूपच बदलले.

त्यांतली सर्वांत मोठी कल्पना १९३३ सालची. ती नीट समजून घ्यायला हवी.

अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड थवा आहे. त्याला कोमा समूह म्हणतात. या थव्यातील काही दीर्घिकांचे वेग माउंट विल्सनवर मोजले गेले होते. काही म्हणजे अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. झ्विकींनी ते आकडे पुढ्यात घेतले. थव्यातील दीर्घिका एकमेकींच्या तुलनेत सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावत होत्या. मुंबईहून निघालेली आगगाडी एका सेकंदात नागपूर ओलांडून पुढे गेली, तर जो वेग होईल तो हा वेग!

आता एक सोपा प्रयोग आठवा. दोरीला दगड बांधून आपण तो गरगर फिरवतो. दगड जितका जोरात फिरेल, तितकी दोरी मजबूत हवी. दोरी कच्ची असेल, तर ती तुटते आणि दगड भिरकावला जातो. दीर्घिकांच्या थव्यात दोरीचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि गुरुत्वाकर्षण येते वस्तुमानातून. थव्यात जेवढे द्रव्य जास्त, तेवढी ही अदृश्य दोरी मजबूत. झ्विकींनी थव्यातील सुमारे ८०० दीर्घिकांच्या प्रकाशावरून त्यांच्या वस्तुमानाचा अंदाज केला. एवढे वस्तुमान असेल, तर दीर्घिकांचे वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास असायला हवे होते. प्रत्यक्षात ते हजारावर होते. म्हणजे दोरी फारच कच्ची होती. त्या हिशेबाने हा थवा केव्हाच उधळून जायला हवा होता. पण तो तर आजही एकत्र आहे!

मग या थव्याला कोण धरून ठेवते? झ्विकींनी गणित उलट बाजूने मांडले. हे वेग सांभाळायला जितके द्रव्य लागेल, ते दिसणाऱ्या द्रव्याच्या निदान ४०० पट निघाले. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला, की या थव्यात न दिसणारे द्रव्य खूप मोठ्या प्रमाणात असले पाहिजे. जर्मन भाषेत त्यांनी त्याला अंधारे द्रव्य असे म्हटले. आज मराठीत आपण त्याला कृष्णद्रव्य म्हणतो. हा लेख स्वित्झर्लंडच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

खरे सांगायचे तर अंधारे द्रव्य हे शब्द त्यांच्या आधीही एकदोन शास्त्रज्ञांनी वापरले होते. झ्विकींचा ४०० हा आकडाही बराच फुगलेला होता, कारण त्या काळी दीर्घिकांची अंतरेच चुकीची मोजली जात होती. पुढे असेही दिसून आले, की अशा थव्यांत दीर्घिकांच्या मधल्या जागेत अतिशय तापलेला वायू भरलेला असतो आणि त्याचे वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानापेक्षा जास्त असते. झ्विकींना याची कल्पना नव्हती. पण या सगळ्या दुरुस्त्या केल्यावरही हिशेब जुळत नाही. आजच्या मोजणीप्रमाणे विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य न दिसणारे आहे. आकडा बदलला, गोष्ट खरी ठरली.

त्या वेळी मात्र कोणी फारसे मनावर घेतले नाही. इतक्या थोड्या दीर्घिकांच्या वेगांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे अनेकांना धाडसाचे वाटले. त्यात झ्विकींचा स्वभाव तिखट. मनात येईल ते तोंडावर बोलणार आणि समोरचा चुकला तर चारचौघांत सुनावणार. त्यामुळे त्यांना मित्र थोडे आणि विरोधक फार. मोठ्या दुर्बिणीवर त्यांना हवा तेवढा वेळ कधी मिळाला नाही. त्यांच्या बोलण्याचा राग लोकांनी त्यांच्या गणितावर काढला, असे मला वाटते. तरी सगळा दोष लोकांचाच होता, असेही म्हणता येणार नाही.

मोठी दुर्बीण मिळत नाही म्हणून झ्विकी हातावर हात ठेवून बसले नाहीत. जर्मनीत बर्नहार्ट श्मिट नावाच्या कारागिराने एक नवीन प्रकारची दुर्बीण बनवली होती. ती एकाच छायाचित्रात आकाशाचा फार मोठा भाग टिपत असे. अशी एक दुर्बीण आपल्याकडेही हवी, असा झ्विकींनी आग्रह धरला. १९३६ मध्ये पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. त्या पर्वतावर बसवलेली ती पहिली दुर्बीण. आकाराने लहान, पण तिच्या एका छायाचित्रात पंधराहून अधिक पूर्णचंद्र एका ओळीत मावतील, एवढे आकाश येत असे. थंडीच्या रात्री झ्विकी या दुर्बिणीवर बसत आणि पुन्हा पुन्हा त्याच दीर्घिकांची छायाचित्रे घेत.

ते शोधत होते फुटणारे तारे. वॉल्टर बाड या जर्मन शास्त्रज्ञासह त्यांनी १९३४ मध्ये असे मांडले होते, की काही तारे आयुष्याच्या शेवटी भयंकर स्फोटाने फुटतात. अशा ताऱ्याला आपण अतिनवतारा म्हणतो. स्फोटानंतर मागे न्यूट्रॉन कणांचा एक लहान, पण अतिशय घट्ट गोळा उरतो, असेही दोघांनी सांगितले. न्यूट्रॉन हा कण सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती! १९६७ मध्ये असे न्यूट्रॉन तारे खरोखरच सापडले. बाड आणि झ्विकी यांची जोडी मात्र टिकली नाही. पुढे त्यांच्यात कायमचे वितुष्ट आले.

१९३७ मध्ये झ्विकींना एका खुज्या दीर्घिकेत अतिनवतारा सापडला. तो एकटा तारा त्या साऱ्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक तेजस्वी झाला होता. आयुष्यभरात त्यांनी सुमारे १२० अतिनवतारे शोधले. एका माणसाच्या नावावर एवढे शोध कितीतरी वर्षे दुसऱ्या कोणाच्याच नव्हते. आज पालोमार पर्वतावरच झ्विकींच्या नावाची एक स्वयंचलित यंत्रणा आहे. २०१८ पासून ती रात्रीमागून रात्री आकाश चाळते आणि तिने हजारो अतिनवतारे टिपले आहेत.

आता खुज्या दीर्घिकांकडे वळू. दक्षिण गोलार्धातून मॅजेलनचे दोन मेघ दिसतात. ते आपल्या आकाशगंगेचे सोबती आहेत, हे माहीत होते. १९३८ मध्ये हार्लो शॅपली यांनी दक्षिण आफ्रिकेतून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे आणखी दोन अगदी फिकट सोबतिणी जाहीर केल्या. स्कल्प्टर आणि फॉरनॅक्स ही त्यांची नावे. तरीही हबल यांचे मत असे होते, की बहुतेक दीर्घिका मध्यम आकाराच्या असतात आणि फार छोट्या दीर्घिका विरळाच.

झ्विकींना हे पटले नाही. त्यांची विचार करण्याची एक खास रीत होती. निसर्गाच्या नियमात जे जे बसते, त्या सगळ्याची ते यादी करत आणि मग त्यातले एकेक आकाशात शोधायला निघत. मोठी दीर्घिका असू शकते, तर छोटी का नसावी? त्याहून छोटी का नसावी? समुद्रात मोठ्या माशांपेक्षा छोटे मासे जास्त असतात. आपल्या जाळ्यात छोटे मासे येत नाहीत, याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही. जाळ्याची वीण मोठी असते, एवढाच त्याचा अर्थ. झ्विकींचे म्हणणे साधारण असे होते. दीर्घिका जितकी अंधूक, तितकी तिची संख्या जास्त. १९४२ मध्ये त्यांनी सिंह तारकासमूहात लिओ-ए नावाची एक खुजी दीर्घिका शोधून काढली आणि आपल्या म्हणण्याला पुरावा दिला. या वादात अखेर तेच बरोबर ठरले. खुज्या दीर्घिकाच विश्वात संख्येने सर्वाधिक आहेत.

१९३७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली होती. दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते आणि तिच्या मागून येणारा प्रकाश वाकवते. या वाकण्यावरून त्या दीर्घिकेचे खरे वजन काढता येईल. असे पहिले भिंग १९७९ मध्ये सापडले. झ्विकी तेव्हा हयात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका अमेरिकी कंपनीत जेट इंजिनांवर संशोधन केले. त्या कामासाठी अमेरिकेने १९४९ मध्ये त्यांना स्वातंत्र्यपदक दिले. तरी त्यांनी आपले स्विस नागरिकत्व शेवटपर्यंत सोडले नाही.

पण युद्धाच्या संदर्भात मला त्यांची दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाँबवर्षावात युरोप आणि आशियातील अनेक ग्रंथालये जळून गेली होती. झ्विकींनी पॅसाडेनात राहून शास्त्रीय पुस्तके आणि नियतकालिकांचे जुने अंक गोळा करायला सुरुवात केली. लोकांकडून मागून आणलेली पुस्तके खोक्यांत भरायची आणि जहाजाने त्या उद्ध्वस्त ग्रंथालयांकडे पाठवायची. टनावारी पुस्तके त्यांनी अशी रवाना केली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांना आधार देणाऱ्या पेस्टालोझी प्रतिष्ठानाचे काम त्यांनी कित्येक वर्षे पाहिले. ज्यांना झ्विकी फक्त भांडखोर म्हणून माहीत होते, त्यांना हे कितपत ठाऊक असेल, कोण जाणे.

१९६१ ते १९६८ या काळात त्यांनी सहकाऱ्यांसह दीर्घिकांची सहा खंडांची सूची प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३०,००० दीर्घिका आणि ९,००० हून अधिक दीर्घिकासमूह नोंदवलेले आहेत. संगणकाची सोय नसताना छायाचित्रांच्या काचा एकेक करून पाहणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच! १९६८ मध्येच ते सेवानिवृत्त झाले. १९७१ मध्ये त्यांनी दीर्घिकांची आणखी एक सूची स्वतःच्या खर्चाने छापली आणि तिच्या प्रस्तावनेत आपल्या विरोधकांवर जहरी टीका केली. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीही राग विझला नव्हता. ती प्रस्तावना त्यांनी लिहिली नसती, तर बरे झाले असते. १९७२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले.

८ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. शहात्तरावा वाढदिवस अवघ्या सहा दिवसांवर आला होता. लहानपणी ज्या डोंगरांत ते वाढले, त्याच ग्लारुस परगण्यातील मोलिस या गावी त्यांचे दफन झाले.

त्याच सुमारास कृष्णद्रव्याची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. व्हेरा रूबिन या अमेरिकी विदुषीने केंट फोर्ड यांच्यासह १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतील वायुमेघांचे वेग मोजून प्रसिद्ध केले. बाहेरच्या कडेचे मेघही आतल्यांइतक्याच वेगाने फिरत होते. पुढे इतर अनेक दीर्घिकांतही हेच दिसले. दोरी पुन्हा कच्ची पडत होती. चाळीस वर्षांपूर्वीचा झ्विकींचा लेख लोकांनी आता शोधून शोधून वाचला.

मग १९८३ साल आले. मार्क अ‍ॅरन्सन यांनी आकाशगंगेच्या ड्रॅको नावाच्या खुज्या सोबतिणीतील ताऱ्यांचे वेग मोजले. तारे किती, तर फक्त तीन! तरी त्या तिघांवरून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. एवढ्याशा, फिकट दीर्घिकेत दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने वस्तुमान फारच जास्त होते. नंतर तेथील शेकडो ताऱ्यांचे वेग मोजले गेले आणि तोच निष्कर्ष पक्का झाला. २००५ नंतर आकाशाच्या संगणकीय पाहणीतून आणखी अंधूक सोबतिणी सापडू लागल्या. सेग्वे-१ नावाच्या एका सोबतिणीचा सगळा प्रकाश एकत्र केला, तर तो जेमतेम काहीशे सूर्यांइतका भरतो. झ्विकींच्या बारीक माशांत हा सर्वांत बारीक म्हणावा असा!

या खुज्या दीर्घिकांत नवे तारे जन्मत नाहीत. फारसा वायू नाही. स्फोट नाहीत की गोंगाट नाही. जवळजवळ सगळे वस्तुमान न दिसणारे. म्हणून कृष्णद्रव्य शोधण्यासाठी यापेक्षा शांत जागा नाही. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण निघावेत, असा एक अंदाज आहे. २००८ मध्ये सोडलेली फर्मी ही अवकाश दुर्बीण वर्षानुवर्षे या सोबतिणींकडे डोळे लावून बसली. खात्रीचा असा एकही इशारा तिला मिळालेला नाही. त्यामुळे कृष्णद्रव्याचे कण कसे नसावेत, हे थोडे कळले आहे. ते कसे आहेत, हे अजून कळायचे आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका डोंगरावर नवी मोठी वेधशाळा उभी राहिली आहे. तिला व्हेरा रूबिन यांचे नाव दिले आहे. २०२५ मध्ये तिने आपली पहिली छायाचित्रे जगाला दाखवली. झ्विकींच्या श्मिट दुर्बिणीप्रमाणे हीसुद्धा एका वेळी आकाशाचा खूप मोठा भाग टिपते, पण तिचा आरसा ८.४ मीटर व्यासाचा आहे. आकाशगंगेभोवती अजून न सापडलेल्या अंधूक सोबतिणी तिच्या जाळ्यात येतील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे.